सुटं कार्ड

आमच्या घरी धान्य मोजताना पहिल्या पायलीला कुणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायचं, आणि मग दोन, तीन, चार. ही रीत आमची एकट्याची नव्हे, भंडाऱ्याकडच्या कुठल्याही खळ्यावर जा, ऐकू येईल. आमची खासियत एवढीच, की माझे बाबा लहानपणी ही रीत शिकताना चुकले आणि ती चूक जन्मभर तशीच राहिली. ते 'लाभ' म्हणत आणि दुसऱ्या पायलीला 'एक'. म्हणजे मोजून वीस पायल्या भरलेली रास खरी एकवीस पायल्यांची असे. भागाबाई, म्हणजे माझी आजी, यावर पोट धरून हसायची, पण दुरुस्ती कधी केली नाही. तिचं म्हणणं असं, की पहिली पायली घरात आहे आणि मोजणीत नाही, तेव्हा तिला कुणाची नजर लागायची नाही. ही चूक बाबांकडून आईकडे आली आणि दोघांकडून माझ्याकडे. शाळेत मी गणितात वरच्या नंबरात असे, पण चुलीपाशी तांदळाचे पेले मोजायला बसले की तोंडातून लाभ, एक, दोन असंच निघायचं, आणि आमचा भात नेहमी पेलाभर जास्त व्हायचा.

बाबांचं नाव चिंधू. त्यांच्या आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून आजीनं चौथ्याला जन्मल्याबरोबर चिंध्यांवर निजवलं आणि नावही तेच ठेवलं. असल्या नावाच्या पोराकडे मरण ढुंकून पाहत नाही, असा तिकडचा समज. आजीचा डाव यशस्वी झाला असं म्हणायला हरकत नाही, कारण बाबा जगले, शेती केली, आणि सत्तावन्न साली भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा राहतोय असं कळल्यावर मला आणि आईला घेऊन गाडीत बसले. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. कॅम्प एकमध्ये आम्हाला बराकीतली एक खोली आणि पुढं पडवी मिळाली. समोर गिरजाबाईचं घर, तिचा भुऱ्या नावाचा खवट कुत्रा, पलीकडे बाजार, आणि दूरवर क्रेनच्या माना. नंदिनीच्या खाणीतून चुनखडी घेऊन येणाऱ्या वाघिणींचा आवाज ऐकत आम्ही जेवायचो. मला ते दिवस फार आवडले. सगळं नवं होतं, आणि नव्या जागेत माणसांना एकमेकांची गरज असते.

बासष्ट साली मी मॅट्रिक होऊन आकडे-ऑफिसात लागले. बांधकामावर किती टोळ्या राबतात त्याची रोजची हजेरी इथं गोळा व्हायची. आम्ही दहाजणी ती कार्डांवर पंच करत असू, म्हणजे भोकं पाडत असू, आणि ती कार्डं एका मोठ्या मशीनमध्ये जात. मशीनला करायला एकच काम दिलेलं होतं. कार्ड वाच, त्यातला आकडा एकूण बेरजेत मिळव, बेरीज कागदी पट्टीवर छाप, पुढचं कार्ड घे. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी हा प्रोग्राम स्वतः लिहिला होता आणि त्यांना त्याचा लेकरासारखा अभिमान होता. पगाराशी याचा काही संबंध नव्हता. पहिलं फावडं पडल्यापासून आजवर माणसांनी मिळून किती दिवस काम केलं, एवढाच तो आकडा. ऑफिसच्या दारावर फळा होता, त्यावर तो रोज खडूनं लिहिला जाई.

टोळ्या दहादहाच्या असत. एखादा आला नाही तर मुकादम बदली माणूस उभा करी, त्यामुळं कार्डावर कायम दहाच. आमच्या पंच-खोलीचं कार्डसुद्धा दहाचं. सगळ्या ढिगात एकच कार्ड वेगळं होतं, ज्यावर टोळीचा नंबर नसे, नुसता एक. तलावाच्या काठी पंपघर होतं आणि तिथं एकट्या माणसाची ड्यूटी होती. तो माणूस म्हणजे माझे बाबा. आम्ही त्याला सुटं कार्ड म्हणायचो. ते पंच करायला मी दुसऱ्या कुणाला देत नसे, आणि मैत्रिणी त्यावरून माझी यथेच्छ थट्टा करत.

पंपघराचं हलकं काम बाबांना मिळालं ते छातीमुळं. त्रेसष्टच्या पावसाळ्यात खोकला इतका वाढला, की रुमालावर लाल ठिपके दिसायला लागले. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, की दिवाळी बघतील, होळीचं सांगता येत नाही. मी हे आईला सांगितलं नाही. आईचा, गयाबाईचा, स्वभाव असा की तिला वाईट बातमी सांगितली तर ती आधी सांगणाऱ्याचीच समजूत काढत बसायची. मी ते दुखणं एकटीनं पोटात घालून रोज कामावर जात राहिले. मला बाबा हवे होते. याहून नीट मला सांगता येत नाही.

दसऱ्याच्या सुमारास फळ्यावरचा आकडा दहा कोटींपाशी आला. साहेबांनी पेढे आणले. ज्या दिवशी दहा कोटी पुरे झाले त्या दिवशी फळ्याला झेंडूची माळ घातली होती, आणि बाबा ड्यूटी संपवून मुद्दाम वाट वाकडी करून फळा पाहायला आले. एकावर आठ शून्यं पाहून ते खूप वेळ उभे राहिले. मग खोकत खोकत म्हणाले, "यात एक मी बी हावो ना, माय." मी म्हटलं, आहातच की.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पट्टी तपासत होते. कार्डामागून कार्ड, दहादहानं बेरीज वाढत गेलेली. एका ठिकाणी दोन ओळी अगदी सारख्या होत्या. आधीची बेरीज तीच आणि नंतरचीही तीच. मध्ये कुठलं कार्ड गेलं ते काढून पाहिलं, तर सुटं कार्ड. मी ते पुन्हा चालवलं. मशीननं खडखड केली, कार्ड गिळलं, आणि तोच आकडा तिसऱ्यांदा छापला.

साहेबांना दाखवलं तेव्हा ते हसले. मद्रासकडचे होते, हिंदी बेताचं, पण समजावून सांगायची हौस मोठी. मशीनला आकडा ठेवायला आठ घरं आहेत, असं त्यांनी बोटं दाखवून सांगितलं. दहा कोटी म्हणजे नऊ घरं झाली. तेव्हा मशीन पुढची आठ घरं धरून ठेवतं आणि शेवटचं सोडून देतं, तिथं शून्यच आहे असं मानून चालतं. दहा मिळवले तर आकडा सरकतो. एक मिळवला तर तो त्या शेवटच्या घरात जाऊन बसणार, आणि ते घर तर आता नाहीच. दहा कोटींत एकानं काय बिघडतं, असं म्हणून त्यांनी मला उरलेला पेढा दिला. मी तो खाल्ला. खरंच काही बिघडत नव्हतं.

त्या आठवड्यात बाबांचा खोकला कमी झाला. पुढच्या आठवड्यात थांबला. रुमाल स्वच्छ राहू लागले, चेहऱ्यावर तुकतुकी आली, आणि दिवाळीत ते दोन मैल चालत बोरसीला मावशीकडे जाऊन आले. माझा जीव भांड्यात पडला. महिन्यानं दवाखान्यात दाखवायला गेलो तेव्हा बाकावर दोन तास बसलो, पण नर्सनं पुकारलेल्या नावांत चिंधू हे नाव आलंच नाही. चिठ्ठी आम्ही स्वतः टेबलावर ठेवली होती. बाबा म्हणाले, बरं वाटतंय तर कशाला बसायचं, आणि आम्ही येताना बाजारातून मुरमुऱ्याचे लाडू घेऊन हसत खिदळत घरी आलो.

तशा बारीकसारीक गोष्टी घडत होत्या, पण सुखात माणूस बारीकसारीक गोष्टी कुठं बघतो. भुऱ्या आल्यागेल्यावर भुंकायचा, तो बाबांवर भुंकेनासा झाला. न्हाव्याकडे ते सकाळी जाऊन बसत आणि दुपारी तशीच दाढी घेऊन परत येत. डास आम्हा मायलेकींना फोडून काढत आणि बाबा उघड्या अंगानं निवांत झोपत. आम्ही याची चेष्टाच करायचो. मग एका संध्याकाळी आईनं जेवायला दोन थाळ्या मांडल्या.

मी म्हटलं, आई, तिसरी? तिनं थाळ्यांकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "दोघीच तं हावो ना आपण." बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर, चुलीच्या उजेडात बसलेले होते. ते हसून म्हणाले, "अन् मी कोण हावो मंग?" तेव्हा आई दचकली, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. पण दुसऱ्या दिवशीही दोनच थाळ्या. चौथ्या दिवसापासून तिसरी थाळी मी स्वतः उठून घेऊ लागले. भात त्यांच्यापुरता असायचाच, आमच्या घरच्या मोजणीप्रमाणं पेलाभर जास्त.

माघात आमच्या ऑफिसात एक रशियन बाई आली. कारखान्यात तेव्हा रशियन माणसं पुष्कळ होती आणि त्यांच्यातली काही मोडकंतोडकं हिंदी बोलत. ही बाई आकड्यांतली तज्ज्ञ होती. तिनं पट्टी पाहिली, त्या दोन सारख्या ओळींवर बोट ठेवलं आणि साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "छोटा पहले, बड़ा बाद में." म्हणजे सुटी कार्डं मोठ्या बेरजेत एकेक टाकायची नाहीत. ती बाजूला जमवायची, दहा झाली की त्यांचं एक दहाचं कार्ड करायचं, आणि मग ते टाकायचं. इतकं साधं. साहेब जरा वरमले. मला मात्र मनातून आनंद झाला, की बाबांचे दिवस वाया जाणार नाहीत. मी लाल लुगड्याची एक चिंधी फाडून आणली आणि कार्डं तिनं बांधून खणात ठेवू लागले. दहाव्या दिवशी दहाचं कार्ड पंच केलं आणि मशीनमध्ये घातलं. बेरीज दहानं सरकली. मी टाळी वाजवली.

त्या संध्याकाळी मी घराच्या वळणावर असतानाच भुऱ्याचं भुंकणं ऐकू आलं. बाबा पडवीत शिरत होते आणि तो त्यांच्या पायांत येत होता. गिरजाबाईनं दारातून हाक मारून विचारलं, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, गावी गेला होता का. आत आईनं तीन पाट मांडले होते. बाबांना पाहताच ती पुढं आली, त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "आले का जी? किती वाळले तुमी." तिच्या आवाजात इतकी माया होती की मला आत जायला संकोच वाटला. बाबा काही बोलणार तोच त्यांना खोकला आला. तो थांबेचना. रुमाल काढला तेव्हा त्यावर ठिपका नव्हता, रुमालच लाल होता.

आठ दिवस त्यांनी अंथरूण सोडलं नाही. आई उशाशी बसून होती, एक क्षणही तिची नजर त्यांच्यावरून हलली नाही. तरी त्यांचं कार्ड हजेरीत येत राहिलं, कारण पंपघराच्या नोंदीत कुणी खाडा मांडलाच नाही. मी ती कार्डं खणात नुसती ठेवत गेले. एकही मशीनकडे नेलं नाही. नवव्या दिवशी बाबा उठून बसले, आणि आईनं दुपारी त्यांचं अंथरूण, बाबा त्याच्यावर बसलेले असताना, गुंडाळायला घेतलं. कुणाचं पसरून ठेवलंय म्हणाली.

रविवारी मी बाबांना तलावावर घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, दहा कोटींचं, शेवटच्या घराचं, चिंधीनं बांधलेल्या कार्डांचं. मला वाटलं होतं ते मला वेडी म्हणतील, आणि तसं म्हटलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. ते पाण्याकडे बघत ऐकत राहिले. पंपाची धाप चालू होती. मग म्हणाले, "माह्या मायनं माहं नाव चिंधू कावून ठेवलं? चिंधी कोणी मोजत नाही म्हणून. आता मशीनबी तेच करून राहिलं. राहू दे, माय. मोजू नोको."

"पण आईले तुमी दिसत नाही, बाबा."

"मले तुही आई दिसते ना," ते म्हणाले. "तेवढं पुरे."

मी तिथं बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात उबदार होता, वजनाला अगदी हलका. मी ठरवलं, की बाबा राहणार, मग बाकी काहीही होवो. आईला विचारायला हवं होतं, हे मला आज कळतं. पण काय विचारणार होते? तिला आठवण करून देण्यासाठी आधी बाबांना मोजावं लागलं असतं.

तेवढ्यात एक कठीण प्रसंग आला. त्या रशियन बाईनं सांगितलेली पद्धत नीट चालली आहे का, हे पाहायला साहेब एके सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी खण उघडला. गठ्ठ्यात त्या दिवशी बरोबर दहा कार्डं होती, मी सकाळीच दहावं ठेवलं होतं आणि पुढं काय करायचं याचा विचार करत होते. साहेबांनी मोजायला सांगितलं. मी चिंधी सोडली, आणि तोंडून आपसूक जे निघालं तेच मोजलं. लाभ, एक, दोन, तीन. शेवटचं कार्ड टेबलावर पडलं तेव्हा मी 'नऊ' म्हणाले. साहेबांना मराठी येत नव्हती, पण नऊ कळला. मात्र ते ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी गठ्ठा उचलला, अंगठ्याला थुंकी लावली आणि एकेक कार्ड मागं सारत स्वतः इंग्रजीत मोजलं. त्यांच्या मोजणीत कुठं लाभ नव्हता, ते वनपासून निघाले. माझ्या डोळ्यांसमोर दहाही कार्डं त्यांच्या अंगठ्याखालून गेली. मग त्यांनी गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, नाइन, ठीक आहे, अजून एक आलं की मशीनमध्ये टाक.

त्यानंतर मी त्या गठ्ठ्याची काळजी केली नाही. त्यात कार्डं पडत राहिली, आणि कुणी कधीही मोजली तरी नऊच भरत.

यालाही आता पाच वर्षं होत आली. आमचं बरं चाललं आहे, हे मी मनापासून सांगते. बाबांचा एक केस पांढरा झालेला नाही. ते रोज पंपघरावर जातात, पंप वेळेवर चालू होतात, वेळेवर बंद होतात, आणि पगाराचे आकडे लहान असल्यामुळं त्या यादीत त्यांचं नाव बिनचूक असतं. आई कुंकू लावते, वटपौर्णिमा करते. तुझे मालक कुठं असतात असं कुणी विचारलं तर "हायेत ना" म्हणते आणि खोलीभर नजर फिरवते. बाबा त्या वेळी समोर उभे असतात आणि तिची नजर आपल्यावरून जाते तेव्हा मान लववतात, पाहुणा लववतो तशी. दुपारी ती डाळ निवडत असली की ते तिच्या जवळ जाऊन बसतात. कधी कधी ती निवडता निवडता गुणगुणायला लागते. तिला कशाची उणीव भासते असं मला तरी कधी दिसलं नाही. मी आपलं तिसरं ताट वाढून घेते, आणि आई ते रिकामं झालेलं पाहून मला म्हणते, हल्ली बरं जेवतेस.

एकदा मी डबा घेऊन पंपघरावर गेले आणि बाबा दिसेनात. आतबाहेर शोधलं, काठावर जाऊन हाका मारल्या. शेवटी दमून पायरीवर बसले, तर अगदी खांद्याशी आवाज आला, "इथंच तं बसलो हावो, कवाचा." मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्या दिवसापासून मी रोज सकाळी उठल्याबरोबर आधी बाबांकडे एकटक पाहते, डोळ्यांना सवय राहावी म्हणून.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसाची नवी इमारत झाली. नऊजणी तिकडे गेल्या, आणि तिथं एक नवी मुलगी घेऊन त्यांचे दहा पुरे झाले. जुन्या मशीनची सवय मलाच म्हणून मी मागं राहिले. पहिल्या तारखेला कार्डं चालवताना माझ्या हाताखालून दोन सुटी कार्डं गेली. एक बाबांचं. दुसरं कुणाचं हे कळायला मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ लागला. पंच-खोलीचं दहाचं कार्ड आता एकाचं झालं होतं. मी स्वतःशीच हसले आणि दोन्ही कार्डं सवयीनं चिंधीत बांधून टाकली.

दरमहा उठणारी माझी डोकेदुखी या खेपेला उठली नाही. डास चावेनासे झाले. साहेब खोलीत आले, मशीनला हात लावून पाहिला, दिवा मालवला आणि मला आत ठेवून निघून गेले. गोंदियाकडून एका स्थळाची मंडळी यायची होती, ती आलीच नाहीत, आणि आईनं त्यांचं नावही काढलं नाही. याचं मला वाईट वाटलं नाही, ते स्थळ मला पसंतही नव्हतं.

पण मला काय करायचं ते ठाऊक होतं. माझी दहा कार्डं वेगळी काढायची, त्यांचं एक दहाचं करायचं आणि बेरजेत टाकायचं. परवा मी चिंधी सोडली आणि कार्डं टेबलावर पसरली. तेव्हा लक्षात आलं, की सुट्या कार्डावर नाव नसतं, टोळीचा नंबर नसतो. एकाच जागी एकच भोक. माझं कुठलं आणि बाबांचं कुठलं, हे मशीनला कसं कळणार? मी एकेक कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं. त्यातून येणारा प्रकाशाचा ठिपका सगळीकडे सारखा होता. मलाही ते ओळखता येईनात. दहांत बाबांचं एक जरी गेलं असतं, तर रुमाल पुन्हा लाल झाला असता. मी कार्डं गोळा केली, गठ्ठा बांधला आणि खण लावून घरी आले.

भुऱ्या वाटेत आडवा पडला होता. मी त्याच्या अंगावरून पाय टाकून आत गेले, त्यानं कानही हलवला नाही. आई चुलीपाशी होती, आणि तिचं काहीतरी छान गुणगुणणं चालू होतं. तिनं हात पुसले, भिंतीशी पाट ठेवला आणि एक थाळी मांडली. मी दुसरीची वाट पाहत दारात उभी राहिले. आई पाटावर बसली, मांडी नीट केली आणि तृप्त चेहऱ्यानं पहिला घास घेतला.

समोरच्या सतरंजीवर बाबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा बाजूला सरकले, आणि शेजारची जागा हातानं झाडून माझ्यासाठी मोकळी केली.